मिठाच्या पाण्यातला पीळ

आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान होतं. ते गेल्या पावसाळ्यात बंद झालं आणि दिवाळीच्या सुमारास तिथे रक्त-लघवी तपासणारी नवी लॅब उघडली. काचेच्या दारावर वरपासून खालपर्यंत निळ्या रंगातलं डीएनएचं मोठं चित्र, त्यावर झेंडूचं तोरण, आत टेबलावर पेढ्यांचा बॉक्स. भाजीची पिशवी घेऊन जाता जाता मी थबकले. चित्र देखणं होतं, पण पीळ उलटा होता. पीळ उजवा असेल तर आपल्या समोरच्या बाजूचे पट्टे डावीकडून खालून निघतात आणि उजवीकडे वर चढतात. इथे ते उजवीकडून निघून डावीकडे चढत होते. पिळाचं वैशिष्ट्य असं की चित्र डोक्यावर उभं केलं तरी तो बदलत नाही, डावा तो डावाच राहतो. आरशात मात्र बदलतो. म्हणजे आत बाकावर बसलेल्या पेशंटला त्याच काचेतून, मागच्या बाजूने, तो पीळ अगदी बरोबर उजवा दिसत असणार.

तेव्हापासून ते चित्र डोक्यातून जात नाही. जाहिरातींत, मासिकांच्या मुखपृष्ठांवर, विज्ञान परिषदांच्या पत्रकांवरसुद्धा डावा डीएनए सर्रास छापला जातो. संगणकावर आकृती आडवी पलटवली की पीळ बदलतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आत जाऊन सांगावं, असं मनात आलं. पण सांगायचं तर पुरतं सांगायला हवं. ‘डीएनए उजव्या पिळाचा असतो’ एवढं बोलून मला थांबताच येत नाही, ‘बहुतेक वेळा’ हे शब्द पाठोपाठ येतातच. कारण डाव्या पिळाचा डीएनए असतो. मी तो पाहिला आहे. पाहिला आहे, म्हणजे त्याने प्रकाशाचं काय केलं ते पाहिलं आहे.

माझी उमेदीची सगळी वर्षं या ‘म्हणजे’मध्ये गेली.

रेणूबद्दल प्रकाशाला विचारायचं असतं, हे मला पहिल्यांदा दाखवलं अण्णांनी. ते सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात लॅब केमिस्ट होते. हंगाम सुरू झाला की तीन पाळ्यांत घर चालायचं. त्यांची रात्रपाळी असली आणि दुसऱ्या दिवशी शाळा नसली की मी हट्टाने बरोबर जायचे. बाहेर गव्हाणीचा खडखडाट, मळीचा आंबूस-गोड दर्प, गंधकाच्या धुराने घशात होणारी खवखव. आणि लॅबमध्ये एकदम शांतता, टेबलावर रसाचे नमुने ओळीने मांडलेले. काळपट रसात लेड घालून तो निवळायचा, गाळण कागदातून थेंब थेंब खाली येऊ द्यायचा, सुरुवातीचा थोडा रस टाकून द्यायचा आणि मग उरलेला लांब काचेच्या नळीत भरायचा. बुडबुडा राहता कामा नये. कोपऱ्यात काळा पडदा, त्यामागे पोलॅरिमीटर आणि सोडियमचा पिवळा दिवा. अण्णा मला स्टुलावर उभं करायचे. “डोळा लाव. काय दिसतं?” एक गोल दिसायचा, मधोमध चिरलेला; एक अर्धा उजळ, दुसरा काळपट. “साखरेनं प्रकाश वळवलाय. आता चकती फिरवून दोन्ही बाजू सारख्या कर. तुला जेवढी फिरवावी लागली, तेवढी त्यात साखर.”

२६ ग्रॅम शुद्ध साखर पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर करायची, ती २०० मिलिमीटरच्या नळीत भरायची, की साखरेच्या मोजपट्टीवर बरोबर १०० यायला हवेत. हे अण्णांना देवाच्या आरतीइतकं पाठ होतं. त्या आकड्याला कारखान्यात ‘पोल’ म्हणतात, त्याच्या आधाराने उताऱ्याचा, म्हणजे उसातून किती साखर निघते याचा, हिशेब होतो आणि उताऱ्याशी उसाचा दर बांधलेला असतो. त्यामुळे त्या चिरलेल्या गोलाकडे बघताना अण्णांच्या चेहऱ्यावर एक वेगळीच गंभीरता यायची. आकडा वहीत लिहिण्याआधी ते डोळा मिटून, क्षणभर थांबून, पुन्हा बघायचे. तोडलेला ऊस अड्ड्यावर उन्हात पडून राहिला की पोल घसरायचा. साखरेचा रेणू फुटून त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. साखर प्रकाशाला उजवीकडे वळवते, तर हे मिश्रण डावीकडे. “इन्व्हर्जन झालं,” अण्णा म्हणायचे, आणि त्यात त्या ट्रॉलीच्या मालकाबद्दलची कळकळ असायची.

पुढे बीएस्सीला असताना मी त्यांना विचारलं होतं की फ्रुक्टोज प्रकाशाला डावीकडे वळवतं, तर ते डाव्या हाताचं असणार ना? ते म्हणाले, “नाही. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, दोघंही उजव्या कुळातलेच. प्रकाश कुठं वळला त्यावरनं रेणू कुठं वळलाय ते परस्पर ठरवायचं नाही.” खरंच आहे. दोन्ही शर्करा डी कुळातल्या, एक प्रकाश उजवीकडे नेते, दुसरी डावीकडे. हे वाक्य मला नंतर फार उपयोगी पडलं.

मी पुण्यात ज्या यंत्रावर बसत असे ते अण्णांच्या पोलॅरिमीटरच्याच घराण्यातलं, नात्याने बरंच पुढचं. त्याला सर्क्युलर डायक्रोइझमचं यंत्र म्हणतात. लॅबमध्ये कुणी एवढं लांब नाव घेत नाही, ‘सीडी’वर बसलोय एवढंच म्हणतात. पोलॅरिमीटरमध्ये प्रकाशाची लहर एकाच प्रतलात हलते. सीडीमध्ये ती हलण्याची दिशाच लहरीबरोबर पुढे जाता जाता गोल फिरत जाते, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. यंत्रातला एक क्वार्ट्झचा तुकडा सेकंदाला सुमारे ५०,००० वेळा कंप पावतो आणि त्या तालावर प्रकाश डावा-उजवा, डावा-उजवा होत नमुन्यातून जातो. रेणूला स्वतःचा पीळ असेल तर तो या दोहोंपैकी एक किंचित जास्त शोषतो. हा फरक हैडिंगर यांना १८४७मध्ये ॲमेथिस्टच्या स्फटिकात दिसला होता आणि कॉटन यांनी १८९५च्या सुमारास तो द्रावणात दाखवला. किंचित म्हणजे किती? डीएनए २६० नॅनोमीटरजवळचा अतिनील प्रकाश भरपूर शोषतो. त्या शोषणाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी असतो हा डाव्या-उजव्यातला फरक. एवढ्याशा फरकावर सगळी मदार.

म्हणून सीडीवर बसणाऱ्या माणसाच्या सवयी बदलतात. क्वार्ट्झचा क्युवेट, म्हणजे नमुना भरायची छोटी कुपी, दुधी काचेच्या दोन बाजूंनीच धरायचा, पारदर्शक बाजूंना बोट लावायचं नाही. साधी काच चालत नाही, ती अतिनील प्रकाश अडवते. दिवा लावण्याआधी यंत्रात नायट्रोजन सोडायचा आणि तो वाहू द्यायचा, नाहीतर झेनॉनच्या दिव्याने हवेचा ओझोन होतो आणि आतले आरसे खराब होतात. मग आधी नुसत्या बफरची, म्हणजे डीएनए नसलेल्या द्रावणाची, रेघ, मग डीएनएची. रेघ म्हणजे एकेका तरंगलांबीला तो डावा-उजवा फरक किती, याचा आलेख. पडद्यावर रेघ डावीकडून उजवीकडे उमटत जाते, थोडी थरथरत. पुन्हा पुन्हा स्कॅन करून सरासरी काढली की थरथर निवते आणि खालून एक शांत नागमोडी वळण वर येतं. नेहमीच्या, पुस्तकातल्या, बी रूपातल्या डीएनएचं वळण साधारण २७५ नॅनोमीटरला शिखर आणि २४५ला दरी असं असतं. कमी ओलाव्यातल्या, ए रूपाचं शिखर २६०कडे सरकतं आणि २१०ला खोल दरी पडते. सवय झाली की लांबून, दारातूनच, रूप ओळखता येतं.

या सगळ्यात मला सर्वात जास्त भावते ती गोष्ट वेगळीच आहे. ग्वानीन, ॲडेनीन, सायटोसीन, थायमीन हे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या घडवणारे चारही बेस स्वतः सपाट असतात. त्यांना डावं नाही, उजवं नाही. आरशातलं त्यांचं प्रतिबिंब त्यांच्यावर तंतोतंत बसतं. अतिनील प्रकाश शोषतात तेही हेच. म्हणजे एकट्या बेसला सीडीत काहीच सांगता येऊ नये. पण ते डीएनएच्या कण्यातल्या साखरेला जोडले गेले, एकावर एक रचले गेले आणि ती रचना थोडीथोडी वळत वर गेली, की शेजाऱ्याशेजाऱ्यांचं शोषण एकमेकांत गुंतून जातं आणि मग डाव्या-उजव्या प्रकाशात फरक पडतो. रेघेतलं ते वळण कुण्या एका बेसचं नसतंच, ते त्यांच्या एकमेकांवर बसण्याचं असतं. आकाराबद्दल इतकं नेमकं बोलणारी रेघ आकाराच्या एकाही घटकात नसते. हे कितीही वेळा वाचलं तरी मला त्यातलं आश्चर्य संपलेलं दिसत नाही.

आणि तो आकार पाण्याच्या हातात असतो.

रोझालिंड फ्रँकलिन यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये डीएनएच्या धाग्यांवर क्ष-किरण टाकले तेव्हा त्यांनी सर्वाधिक कष्ट घेतले ते हवेतल्या ओलाव्यावर. सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला धागा एक आकृती देतो, ९२ टक्क्यांना दुसरी. आधीच्यांच्या चित्रांत ही दोन रूपं एकमेकांत मिसळलेली होती. त्यांनी ती सोडवून ए आणि बी अशी वेगळी केली. मे १९५२मध्ये त्यांच्या देखरेखीखाली गॉसलिंग यांनी घेतलेलं ते प्रसिद्ध छायाचित्र बी रूपाचं, म्हणजे ओल्या डीएनएचं आहे. त्या छायाचित्रावरून झालेलं राजकारण सगळ्यांना तोंडपाठ असतं, ओलाव्याची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. माझ्या मते खरी गोष्ट ती आहे. डीएनएला एकच एक आकार नाही, भोवताल बदलला की तो बदलतो, हे तिथेच कळलं होतं.

तर डाव्या पिळाची कथा. १९७२मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेनला पोल आणि जोविन हे दोघे एका कृत्रिम डीएनएवर काम करत होते. त्यात ग्वानीन आणि सायटोसीन यांखेरीज काही नव्हतं, एकाआड एक. त्यांनी त्यात मीठ वाढवत नेलं. आपलं साधं मीठ, सोडियम क्लोराइड. २.५ मोलरच्या आसपास, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या चौपट खारटपणाला, सीडीची रेघ चक्क उलटी झाली. जिथे शिखर होतं तिथे दरी, दरीच्या जागी शिखर. हळूहळू बिनसत गेली असंही नव्हे. ठरावीक खारटपणापर्यंत जुनी रेघ, त्यापुढे नवी. आणि हा बदल व्हायला काही मिनिटं लागत, म्हणजे रेणूत काहीतरी मोठं सुटून पुन्हा बसत होतं. मीठ कमी केलं की रेघ परत पूर्ववत. पण आत नेमकं काय झालं, ते रेघेत लिहिलेलं नव्हतं. पुढची सात वर्षं ती उलटी रेघ तशीच राहिली. मान्य होती, उलगडलेली नव्हती.

त्याच काळात आपल्याकडे, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, शशिशेखरन आणि त्यांचे सहकारी डाव्या पिळाचा विचार कागदावर मांडत होते. कण्यातली साखर व फॉस्फेट आणि बेस यांच्या जोडांवरचे कोन कुठवर वळू शकतात याचा हिशेब करून १९७६मध्ये त्यांनी म्हटलं की दुहेरी साखळी डावीकडेही वळू शकते, तिला शास्त्राची मनाई नाही. त्यांची संपूर्ण डीएनएची पर्यायी रचना, काही भाग उजवा आणि काही डावा अशी, टिकली नाही. क्रिक, वांग आणि बॉअर यांनी १९७९मध्ये गोल डीएनएच्या वेटोळ्यांचा हिशेब मांडून दुहेरी पीळच खरा असल्याचं दाखवलं. पण डावा पीळ अशक्य नाही, हे त्यांचं म्हणणं खरं निघालं, तेही त्याच वर्षी. डिसेंबर १९७९मध्ये एमआयटीतल्या अलेक्झांडर रिच यांच्या गटाने सीजीसीजीसीजी या इवल्याशा तुकड्याच्या स्फटिकाची रचना ०.९ अँगस्ट्रॉमपर्यंत, म्हणजे अणू वेगवेगळे दिसतील इतकी, नेमकी प्रसिद्ध केली. पीळ डावा. एका वेढ्यात बेसच्या १२ जोड्या. फॉस्फेटची रेषा सरळ न जाता वाकडीतिकडी, झेडसारखी, म्हणून झेड-डीएनए. साखर तीच होती, उजव्या कुळातलीच. ग्वानीन मात्र आपापल्या साखरेवर उलटं फिरून बसलं होतं, आणि फॉस्फेट एकमेकांच्या जवळ आले होते. त्यांच्यावरचे ऋण भार एकमेकांना ढकलतात, म्हणून ही रचना साध्या पाण्यात टिकत नाही. भरपूर मीठ असलं की सोडियम ते भार झाकतो.

आता बघा, एका बाजूला खाऱ्या पाण्यातली उलटी रेघ, दुसऱ्या बाजूला स्फटिकातला डावा पीळ. दोन्ही एकच, असं म्हणायचा मोह होणारच. पण पुरावा? तो आला १९८१मध्ये, आणि आला रामन यांच्या प्रकाशातून. स्फटिक आणि खारं द्रावण या दोहोंवर एकच तंत्र चालायला हवं होतं. क्ष-किरणांना द्रावण चालत नाही. रामन वर्णपटाला दोन्ही चालतं. रेणूवर पडून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग रेणूच्या कंपनांनुसार जरासा बदलतो, आणि ही कंपनं पिळाबरोबर बदलतात. थामन, लॉर्ड, वांग आणि रिच यांनी दोन्हीचे वर्णपट शेजारी ठेवले. ते जुळले. पोल आणि जोविन यांना मिठाच्या पाण्यात जे दिसलं होतं ते झेड-डीएनए होतं.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला शाळाशाळांतून समुद्राचा निळा रंग सांगितला जातो. मला वाटतं, त्या दिवशी हेही सांगावं. रामन १९७०मध्ये गेले. त्यांच्या कोलकात्यातल्या शोधाने, त्यांच्या पश्चात, डीएनएचा पीळ कुणीकडे आहे या वादात साक्ष दिली आणि ती निर्णायक ठरली. मी हे पहिल्यांदा वाचलं ते ग्रंथालयात, आणि वाचून उठून गॅलरीत गेले होते, कुणालातरी सांगायला. गॅलरीत कुणीच नव्हतं. रात्री अण्णांना फोन लावून सांगितलं.

सीडीची रेघ उलटी झाली म्हणजे पीळ डावा झाला, हे मात्र सूत्र नाही. पॉली-डीआयडीसी नावाच्या दुसऱ्या एका कृत्रिम डीएनएची रेघही चर्चेत होती. तीही उलटी दिसते. हाही डावाच, असं काहींनी म्हटलं. मग २०० नॅनोमीटरच्या खाली, जिथे हवासुद्धा प्रकाश गिळते तिथवर जाऊन निर्वातात मोजलं गेलं, आणि तिथल्या रेघेत डाव्या पिळाचा मागमूस नव्हता. पीळ उजवाच, फक्त बेस वेगळे असल्याने नेहमीच्या पट्ट्यातली रेघ उलटी दिसत होती. अण्णांचं फ्रुक्टोजचं वाक्य मला इथे आठवलं. प्रकाश कुठं वळला यावरून रेणू कुठं वळलाय ते परस्पर ठरवायचं नाही; शेजारी दुसरी साक्ष हवी.

म्हणूनच त्या लॅबच्या काचेवरच्या चित्राबद्दल मी शेवटी कुणाला काही बोलले नाही. ते चित्र चूकच आहे. एका वेढ्यात दहा-अकरा जोड्या, बाहेरची रेषा गुळगुळीत. तो झेड नाही, आरशातला बी आहे, आणि आरशातला बी निसर्गात नसतो, कारण त्यासाठी साखरही आरशातली लागेल. पण माझी तक्रार त्याच्या डावेपणाबद्दल उरलेली नाही. मला खुपतं ते त्याचं काचेवर कायमचं चिकटलेलं असणं. तीच निळी शिडी आपण पाठ्यपुस्तकात पाहतो, तीच बातम्यांत, आणि हळूहळू अशी समजूत होते की पेशीत खोल कुठेतरी हा रेणू असाच ताठ उभा आहे.

तो तसा नाही, हे हाताने करून बघता येतं. १५ बेसचा एक लहानसा तुकडा आहे, रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला चिकटतो म्हणून १९९२मध्ये निवडून काढलेला; त्यात ग्वानीनच्या जोड्या ठरावीक अंतरावर आहेत. पोटॅशियम नसलेल्या पाण्यात त्याची सीडी घ्या, बारीकशी, कसलाही ठाम आकार न सांगणारी रेघ येते. मग क्युवेट बाहेर न काढता, पिपेटने पोटॅशियम क्लोराइडचे काही मायक्रोलिटर सोडायचे, टोकाने हलकेच ढवळायचं, झाकण लावायचं, पुन्हा स्कॅन. २९५ला एक शिखर उभं राहतं. अजून थोडं पोटॅशियम, शिखर अजून उंच. चार ग्वानीन एका चौकोनात एकमेकांचे हात धरतात, असे दोन चौकोन एकमेकांवर बसतात आणि मध्ये पोटॅशियमचा आयन नेमका मावतो. लिथियम घातलं तर हे होत नाही. तो आयन फार लहान पडतो. दुहेरी साखळी नाही, शिडी नाही, चौपदरी गाठ आहे. तापवलं की ५० अंशांच्या आसपास ती सुटते, निवलं की पुन्हा बसते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. डीएनएचं उलट आहे, पीळ जातो आणि धागा शाबूत राहतो, म्हणूनच तो पुन्हा वळू शकतो. पहिल्यांदा सीडीवर बसणाऱ्या मुलांना मी नेहमी हाच प्रयोग आधी द्यायची. शिखर वर यायला लागलं की ती खुर्चीत पुढे सरकतात.

अशीच गाठ आपल्या गुणसूत्रांच्या टोकांनाही बसू शकते. तिथे टीटीएजीजीजी हा क्रम हजारो वेळा येतो. या क्रमाच्या २२ बेसच्या तुकड्यावरून जो वाद झाला, तो मी जवळून वाचत होते. १९९३मध्ये वांग आणि पटेल यांनी सोडियमच्या द्रावणात एक रचना दाखवली. २००२मध्ये लंडनच्या नीडल यांच्या गटाने पोटॅशियममधल्या स्फटिकाची रचना दिली, ती पूर्ण वेगळी, चारही पदर एकाच दिशेने जाणारे. पेशीत पोटॅशियम जास्त असतं, म्हणून हीच खरी, असं वाटून अनेकांनी ती चित्रं घेऊन त्यावर औषधं रचायला घेतली. पण पातळ द्रावणात पोटॅशियम घालून सीडी घेतली की रेघ त्या चित्राशी जुळेना. चारही पदर एका दिशेचे असतील तर शिखर २६४ला हवं. इथे शिखर २९०जवळ, आणि २६५-२७०ला नुसता खांदा. स्फटिक सुंदर होता, अचूक होता, आणि पाण्यातला रेणू त्याच्यासारखा नव्हता. २००६च्या सुमारास एनएमआर या चुंबकीय तंत्राने उलगडा केला की द्रावणात तीन पदर एका दिशेचे आणि एक विरुद्ध, असं मिश्र रूप असतं. नंतर कुणी त्यात पॉलिएथिलीन ग्लायकॉल भरपूर घालून पाणी कमी केलं, तर रेघ सरकून २६४कडे गेली, म्हणजे स्फटिकातलं रूप परत आलं. पेशी तर रेणूंनी खच्चून भरलेली. मग तिथे कोणतं? दोन्ही बाजूंनी तावातावाने लेख आले.

या वादाने माझ्या मनात जे झालं ते मला अजून पुरतं निवळता आलेलं नाही. एकीकडे सीडीबद्दल अभिमान वाटला. अणूंची जागा सांगू न शकणाऱ्या, दोन उंचवटे आणि एक खांदा एवढंच बोलणाऱ्या त्या रेघेने जगातल्या उत्तम स्फटिकाला थांबवून विचारलं होतं, की पाण्यात असं नाही, का? दुसरीकडे तिची मर्यादा टोचते. क्युवेटमध्ये अब्जावधी रेणू असतात आणि रेघ त्या सर्वांची मिळून एक येते. निम्मे एका रूपात आणि निम्मे दुसऱ्या रूपात असले, तरी ती एकच वळण दाखवेल आणि मी ते तिसरं रूप समजू शकेन. त्यामुळे मला सीडी आवडते तशी तिची भीतीही वाटते. ती खोटं कधी बोलत नाही, आणि पुरतंही कधी सांगत नाही. २०१३मध्ये केंब्रिजच्या बालसुब्रमणियन यांच्या गटाने या चौपदरी गाठींना ओळखणारं प्रतिपिंड वापरून माणसाच्या पेशीत त्या ठिपक्याठिपक्यांनी दाखवल्या, तेव्हा या गाठी पेशीत असतात का, या शंकेला मोठं उत्तर मिळालं. पण ठिपका रूप सांगत नाही. रूप विचारायला पुन्हा प्रकाशाकडेच यावं लागतं. आपल्या पुण्यात, आयसर या विज्ञानसंस्थेत, श्रीवत्सन यांचा गट बेसमध्येच एक प्रकाशणारा भाग बसवतो. भोवतीच्या आकारानुसार त्याची चमक बदलते, आणि एकाच क्रमाची वेगवेगळी रूपं वेगळी ओळखता येतात. माझ्या घरापासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर हे काम चालतं याचा मला फार आनंद आहे.

सीडीचं यंत्र महाग, प्रत्येक कॉलेजात नसणार, हे मला माहीत आहे. पण साधा यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे अतिनील प्रकाश किती शोषला गेला ते मोजणारं यंत्र, तालुक्याच्या कॉलेजातही बऱ्याच ठिकाणी असतो, अनेकदा कव्हर घालून ठेवलेला. बाजारात मिळणारा वासराच्या थायमसचा डीएनए घ्या, मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम. २६०ला शोषण १च्या जवळ येईल. मीठ अगदी कमी ठेवा, म्हणजे पीळ ७० अंशांच्या आसपासच सुटेल. क्युवेट तापवायची सोय असेल तर अंशाअंशाने वर न्या आणि मुलांना आकडा मोठ्याने वाचायला सांगा. बराच वेळ काही होत नाही, मुलं कंटाळतात, आणि मग दहाएक अंशांत आकडा १वरून १.४च्या दिशेने झपाट्याने चढतो, कारण रचलेले बेस मोकळे झाले की जास्त प्रकाश शोषतात. मग तोच प्रयोग मीठ वाढवून करा. चढ उशिरा येईल. बीएस्सीच्या मुलांना डीएनएची चित्रं दाखवण्याआधी हे दाखवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे, आणि ज्यांना करायचं असेल त्यांना लागेल ती मदत मी आनंदाने करेन. क्युवेटचं झाकण मात्र घट्ट लावा. साठ-सत्तर अंशांच्या वर पाणी उडतं, द्रावण दाट होतं आणि आकडा पिळाशिवायच वाढायला लागतो.